उशाशी बसणाऱ्यांचे प्रश्न

वृद्ध माणसाला रुग्णालयात अचानक होणाऱ्या भ्रमाबद्दल, डॉक्टरी भाषेत डेलिरियमबद्दल, वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं बहुतेक लेकी-सुनांची आली, काही मुलांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. उत्तरं लिहिणाऱ्यांत वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर आहेत आणि वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकाही आहेत.

आई ७८ वर्षांची. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्रीपासून भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, सलाईन ओढते, मला “तू कोण गं?” विचारते. सकाळी पुन्हा नेहमीसारखी. आईला वेड लागलं का? — सांगली

नाही, वेड लागलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्या तापात बरळणाऱ्या माणसाला “वात झाला” म्हणायच्या, तेच हे. शरीरात कुठेतरी बिघाड होतो आणि म्हातारा मेंदू तो सर्वांत आधी बोलून दाखवतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर तर हे फार वेळा दिसतं.

ओळखायची खूण अशी: बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला असतो, आणि तो दिवसभरात कमी-जास्त होतो. माणसाचं लक्ष टिकत नाही, बोलता बोलता धागा सुटतो. यासोबत बोलणं असंबद्ध झालं असेल किंवा शुद्धी नेहमीसारखी नसेल, म्हणजे माणूस फार चाळवलेला वा फार गुंगलेला असेल, तर भ्रम धरायचा. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. शेरॉन इनूये यांनी १९९० मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभरच्या वॉर्डांत वापरली जाते. स्मृतिभ्रंशाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, असा रातोरात येत नाही. तो महिने-वर्षं घेतो.

“सकाळी नेहमीसारखी” हे तुम्ही लिहिलंत, त्यातच मोठी अडचण आहे. राउंड सकाळी दहाला असतो. तेव्हा आई डॉक्टरांशी नीट बोलते आणि रात्रीचा प्रकार कागदावर येतच नाही. म्हणून एक वही ठेवा. दर दोन-तीन तासांनी एक ओळ: वेळ, झोप की जाग, भानावर की भ्रमात, किती पाणी पोटात गेलं, लघवी, शौच. राउंडला ही वही डॉक्टरांच्या हातात द्या. “रात्री फार त्रास दिला” या वाक्यापेक्षा “रात्री १ ते ४ जागी, माणसं दिसत होती, सकाळी ६ पासून लघवी नाही” ही ओळ शंभरपट उपयोगी.

मग कारण शोधायचं. बहुधा एकच कारण नसतं, तीन-चार मिळून असतात. छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग. अंगातलं पाणी कमी होणं. लघवी तुंबणं. चार दिवस शौच न होणं, आणि हे क्षुल्लक समजू नका. न सांगता येणारी वेदना. रक्तातली साखर उतरणं. सोडियम कमी होणं: १३५ ते १४५ ही नेहमीची पातळी. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यात जेवण सुटलेलं, अशा वेळी ते भराभर खाली येतं.

औषधांचा वेगळा हिशेब मागा. सर्दी-खोकल्याच्या औषधातलं क्लोरफेनिरामिन, उलटी-खाजेसाठीचं प्रोमेथाझिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, नैराश्यासाठीचं अमिट्रिप्टिलिन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, दुखण्यासाठीचं ट्रामाडॉल ही सगळी म्हाताऱ्या मेंदूला जड जातात. घरून येताना सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून आणा. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ती तोडल्यानेही भ्रम होतो.

आणि एक गोष्ट लाजेने लपवली जाते. रोज दारू घेणाऱ्याची दारू दाखल झाल्यावर तुटते, आणि साधारण दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास सुरू होतात. हा जिवावर बेतणारा प्रकार आहे आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. दाखल करतानाच सांगा. आजीची मिश्री किंवा तंबाखू तुटली असेल तर तेही सांगा, त्याने अस्वस्थपणा वाढतो.

आम्ही आळीपाळीने बाबांजवळ थांबतो, पण नुसते बसून राहतो. नातेवाइकांनी नेमकं काय करायचं? त्याने खरंच फरक पडतो का? — नाशिक

पडतो, आणि तो मोजलेला आहे. पण नुसतं बसून तो पडत नाही.

अमेरिकेत येल-न्यू हेवन रुग्णालयात इनूये यांच्या गटाने सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना नेहमीची सेवा, अर्ध्यांना त्याखेरीज साध्या साध्या गोष्टी: वेळ-ठिकाणाची आठवण, रोज चालवणं, चष्मा, ऐकण्याची सोय, पाणी, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध, पाठ चोळणं, शांतता. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, दुसरीकडे ९.९ टक्के. मात्र एकदा भ्रम झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही. म्हणून हे दाखल झाल्याच्या पहिल्या दिवसापासून करायचं, भास सुरू व्हायची वाट पाहायची नाही.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास चीनमधल्या चेंगडूचा आहे, २०२० सालचा. तिथे हीच कामं घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून करून घेतली. ऑपरेशन झालेल्या, सत्तर आणि त्यापुढच्या २८१ रुग्णांत नेहमीच्या सेवेत १९.४ टक्क्यांना भ्रम झाला, घरचे सामील असलेल्या गटात २.६ टक्क्यांना. याउलट ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत भेटीची वेळ बारा तासांपर्यंत वाढवून पाहिली. नातेवाइकांची चिंता आणि उदासी कमी झाली, पण रुग्णांचा भ्रम जवळजवळ तेवढाच राहिला: वाढीव वेळेत १८.९ टक्के, नेहमीच्या वेळेत २०.१ टक्के. या दोन अभ्यासांतून आम्ही काढलेला अर्थ असा, की उशाशी माणूस हवंच, पण त्याच्या हाताला काम हवं. आपल्याकडे नातेवाईक रात्रंदिवस थांबतात. ही आपली मोठी शक्ती आहे, आणि ती खुर्चीत फोन बघण्यात वाया जाते याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

तर काम असं.

सकाळी आधी चष्मा पुसून लावा, कवळी बसवा, श्रवणयंत्राचा सेल पाहा. “हरवेल” म्हणून या वस्तू घरी ठेवल्या जातात, आणि मग बाबांना दिसत नाही, ऐकू येत नाही, छताच्या पंख्याची सावली माणसासारखी वाटते. प्रत्येक वस्तूला नाव लिहिलेला डबा करा.

पडदा उघडा. मग सांगा, विचारू नका. “बाबा, सकाळचे आठ वाजलेत. आज गुरुवार. आपण नाशिकला दवाखान्यात आहोत. न्यूमोनिया झाला होता, आता ताप उतरतोय. मी तुमची सुमन.” “सांगा बघू मी कोण?” अशी परीक्षा घेतली की माणूस गोंधळतो आणि ओशाळतो. हीच माहिती कागदावर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून समोर चिकटवा आणि तारीख रोज बदला. कालची तारीख राहिली तर कागद नसलेला बरा.

दिवसातून तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं डोकं चालवायचं. पेपरातली बातमी, गावाकडच्या शेताची चौकशी, जुना फोटो, हरिपाठ, पाढे. जुन्या पिढीला पावकी-निमकी तोंडपाठ असते. तारीख विसरलेला माणूसही ती धरतो आणि त्याचा चेहरा खुलतो.

तीन वेळा हालचाल. पायावर किती भार द्यायचा हे सर्जनना विचारून मगच उठवा. उठायची परवानगी नसेल तर अंथरुणातच घोटे, गुडघे, कोपरे हलवा. जेवण शक्यतो खुर्चीत. पडून असलेल्या माणसाच्या पोटऱ्या मात्र चोळू नका. शिरेत गुठळी झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाठ आणि तळवे चोळायला हरकत नाही.

पाणी दर तासाला चार घोट. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर दिवसाला किती चालेल ते आधी विचारा. गुंगीत असताना पाणी, पेज, काहीही तोंडात घालू नका. पूर्ण जागं करून, सरळ बसवून, चमच्याने द्या, नाहीतर ते श्वासनलिकेत जाऊन नवा न्यूमोनिया होतो.

लघवीची नळी असेल तर रोज राउंडला एकच प्रश्न: “आज काढता येईल का?” पुष्कळदा ती कारण संपल्यावरही राहून जाते. तिने जंतुसंसर्ग होतो, हालचाल थांबते, आणि भ्रमातला माणूस नेमकी तीच ओढतो.

रात्री नऊ-दहाला दिवा कमी, फोन मुका, गरम दूध. सिस्टरना नम्रपणे विचारा, रात्री दोनचा रक्तदाब आणि तीनचं औषध एका वेळी करता येईल का? बऱ्याचदा येतं. दिवसा एका वेळी दोनच माणसं, तीही ओळखीची. संध्याकाळी दहा जणांचा घोळका पाहून गेला की त्या रात्री भ्रम वाढतो, हे रात्रपाळीच्या कुठल्याही सिस्टरना विचारा.

भास होत असतील तर वाद घालू नका, होकारही देऊ नका. “कोण आहे तिथे? कोणी नाही!” म्हटलं की राग चढतो. “तुम्हाला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे” म्हणा, हात धरा, विषय गावाकडे न्या.

वडील ८१. तापानंतर अगदी गप्प झालेत. दिवसभर डोळे मिटून, विचारलं तर “हं”. बाकीचे म्हणतात, बरं झालं, शांत आहेत. — रत्नागिरी

हे शांत असणं आम्हाला ओरडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. भ्रमाचा हा मंद प्रकार म्हाताऱ्यांत पुष्कळ दिसतो आणि सर्वाधिक निसटतो, कारण कुणाला त्रास होत नाही. तो ओळखेपर्यंत पाणी कमी पडतं, पाठीला जखमा होतात, छाती भरते.

घरच्या घरी लक्ष तपासायचं तर वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार... रुग्णालयात वर्षाचे महिने उलटे विचारतात. वडिलांना इंग्रजी महिन्यांपेक्षा चैत्र-वैशाख जवळचे असतील तर तसं डॉक्टरांना सांगा. जन्मतारखेच्या प्रश्नाचंही असंच. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावलेल्या माणसाला जन्मतारीख सांगता आली नाही, तर तो भ्रम नव्हे. तुमच्या वडिलांना गेल्या आठवड्यात काय येत होतं आणि आज काय येत नाही, हा फरक महत्त्वाचा, आणि तो फक्त घरच्यांना माहीत असतो. हे आजच डॉक्टरांना सांगा, उद्यावर ढकलू नका.

रात्री झोपेचं इंजेक्शन द्या म्हटलं तर डॉक्टर नको म्हणतात, आणि मग आयाबाई हात बांधतात. आम्ही काय करावं? — पुणे

इंजेक्शन न देणारे डॉक्टर योग्य करत आहेत. अमेरिकेत आयसीयूतल्या भ्रम झालेल्या ५६६ रुग्णांना हॅलोपेरिडॉल किंवा झिप्रासिडोन ही शांत करणारी औषधं किंवा नुसतं सलाईन देऊन तुलना केली गेली (२०१८). भ्रमाचे दिवस तिन्ही गटांत सारखेच राहिले. औषधाने माणूस गप्प होतो, भ्रम जात नाही. लोराझेपामच्या जातीची झोपेची औषधं तर भ्रम वाढवतात. अपवाद दारू किंवा त्याच गोळ्या तुटल्याचा. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तर अगदी कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी औषध देतात. पार्किन्सन असेल तर हॅलोपेरिडॉल चालत नाही, हे केसपेपरवर ठळक लिहून घ्या.

हात बांधणं हे स्वतःच भ्रम वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. १९९६ च्या अभ्यासात बांधून ठेवणं, लघवीची नळी, कुपोषण आणि एकदम तीनपेक्षा जास्त नवी औषधं ही भ्रमाला निमित्त होणारी कारणं ठरली. त्यामुळे “रात्री मी जागा बसतो, हात बांधू नका” असं सांगायला बिचकू नका, आणि सांगितलंत तर खरंच जागे बसा. सलाईनची सुई मनगटाच्या वर, बाहीखाली झाकून बांधून घेता येते. हातात मऊ टॉवेल किंवा उपरणं दिलं की बोटं त्यात गुंततात. पलंग अगदी खाली करून घ्या. आणि आधी पाहा, माणूस उठू का पाहतोय? बऱ्याच वेळी लघवी लागलेली असते.

आम्ही अमेरिकेत आहोत. माझ्या मुलाने तिकडे दवाखान्यात असलेल्या आजीशी व्हिडिओ कॉल करावा का? — न्यू जर्सीहून पत्र

दिवसा, आजी भानावर असताना, एकच चेहरा, दोन-तीन मिनिटं. आधी जवळच्या माणसाने सांगावं, “अमेरिकेतून नातू बोलतोय, फोनमध्ये दिसेल.” तुमच्याकडच्या सकाळी इथे संध्याकाळ-रात्र असते आणि नेमका तेव्हा भ्रम चढतो. म्हणून तुमच्या रात्री, म्हणजे इथल्या सकाळी फोन करा. सहा जणांचा एकत्र कॉल नको.

बाबा भ्रमात असताना एका संशोधनासाठी माझी सही मागितली. मी द्यावी का? नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का? — सोलापूर

नकार दिल्याने नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. हे माहितीपत्रकात लिहिलेलंच असतं, ती ओळ शोधा. भ्रमातला माणूस स्वतः संमती देऊ शकत नाही, म्हणून कायद्याने मान्य असलेल्या प्रतिनिधीची सही घेतात. बाबा भानावर आल्यावर त्यांची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची असते आणि ते तेव्हा बाहेर पडू शकतात.

सहीआधी पुढच्या गोष्टी पाहा. माहितीपत्रक मराठीत आहे का, आणि त्याची प्रत तुम्हाला मिळते का. नीतिसमितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी आहे का, आणि समितीचा संपर्क दिला आहे का. भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत क्रमांक आहे का. तो सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो. बाबांना नेहमीपेक्षा वेगळं नेमकं काय होणार: एखादी प्रश्नावली, जादा रक्त, की नवं औषध? प्रश्नावलीला हो म्हणणं सोपं. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, ती पत्रकात वाचून घ्या. रात्री अकराला घाईत सही मागितली तर “सकाळी वाचून सांगतो” म्हणायला हरकत नाही.

वृद्धांवरचं संशोधन आपल्याकडे फार कमी होतं. समजून घेऊन होकार देणाऱ्या घरांमुळेच ते पुढे जाईल, म्हणून विचारलं की लगेच नाही म्हणू नका, असंही आम्हाला वाटतं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. आईचं पुष्कळ सुधारलं, पण औषधाची वेळ विसरते, हिशेब चुकतो. हा आता कायमचा स्मृतिभ्रंश का? — कोल्हापूर

तीन आठवड्यांत ठरवता येत नाही. भ्रमाची शेपटी आठवडे, कधी महिने रेंगाळते. स्मरणशक्तीची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करून घ्या, कारण आत्ता केलेल्या चाचणीवर उगीच शिक्का बसेल. मात्र सुधारत असलेली प्रकृती अचानक पुन्हा खालावली तर वाट पाहू नका, लगेच दाखवा.

डॉक्टर विचारतील तो कळीचा प्रश्न असा: पडण्याच्या आधीच्या वर्षात काय होत होतं? नेहमीच्या आमटीत दोनदा मीठ, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, बँकेच्या पुस्तकाचा घोळ? असेल तर आजार आधीच सुरू होता आणि भ्रमाने तो उघडा पाडला, ही शक्यता मोठी. नसेल तरी लक्ष ठेवा. अमेरिकेत आयसीयूतून वाचलेल्या रुग्णांच्या २०१३ मधल्या अभ्यासात, भ्रमाचे दिवस जितके जास्त तितकी वर्षभरानंतरची बुद्धी कमजोर आढळली, आणि हे तरुणांतही दिसलं.

तोवर गोळ्यांचा सात खणांचा डबा, रोज ठरल्या वेळी चालणं, कान तपासून मळ काढणं, आणि माणसांत बसणं. डिस्चार्ज कार्डावर “भ्रम झाला होता” हे लिहून घ्या. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही ओळ फार मोलाची असते. सहसा ती लिहिलेली नसते.

सासूबाईंचं सगळं मीच करते. दोन महिने सलग झोप नाही. चिडते आणि मग रडू येतं. — सातारा

तुमची चिडचिड हा स्वभावदोष नाही, ती झोपेची थकबाकी आहे. गोव्यात दोन तालुक्यांत डिमेन्शिया रुग्णांच्या ८१ कुटुंबांवर अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या सहा महिने घरोघरी जात: आजार समजावून सांगत, वागणं कसं हाताळायचं ते दाखवत, घरातल्या इतरांना कामाला लावत. रुग्णाचा आजार त्याने बदलला नाही, पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मोजण्याइतकं सुधारलं. डॉक्टर नसलेल्या माणसांनी हे केलं, ही यातली मोठी बाब.

तुमच्या घरी त्यातलं काय करता येईल? दिवसाची आणि रात्रीची पाळी एकाच माणसाकडे असू नये, आठवड्यातून निदान तीन रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. त्या रात्री नवऱ्याने किंवा दिराने जागायचं. “बायकांचं काम” हे उत्तर ऐकून घेऊ नका. लांबच्या नणंदेला येता येत नसेल तर विम्याचे कागद, औषधांची मागणी, डॉक्टरांना फोन ही कामं तिच्याकडे द्या. तिला त्यासाठी साताऱ्यात असायची गरज नाही. “काही लागलं तर सांग” म्हणणाऱ्याला लगेच वार आणि वेळ सांगा: “मंगळवारी चार ते सहा बसशील?”

केअरटेकर ठेवली तर पहिले दोन दिवस तिच्याबरोबर राहा. भ्रम होऊन गेलेल्या माणसासमोर अनोळखी चेहरा एकदम रात्री नको.

रडू रोजचं झालं असेल, भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक लावा, मराठीत बोलता येतं. सासूबाईंच्या सोयी-योजनांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाइन आहे. आणि पुढच्या वेळी सासूबाईंना दाखवायला न्याल तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा.